मेणाचा शेक देऊन पाठव

सर,

आपल्या धंद्यातल्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे आणि ती मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकली. लोक आपल्याला मालिशवाले समजतात. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्गात, फळ्याकडे पाठ करून, तुम्ही आम्हा अकरा जणांना सांगितलं होतंत की वॉर्डात मोठे सर्जन आले की विचारतात, "अरे, ते चोळणारे कुठे गेले?" आणि मग आपण कोटाची बटणं लावत पुढे व्हायचं. "शिवणारा शिवून मोकळा होतो," तुम्ही म्हणालात. "त्या शिवलेल्या मांसाचा पुन्हा हात कोण करतो? आपण करतो. आणि आपल्याला नाव नाही." मी एकोणीस वर्षांची होते, एडवणहून मुंबईला आलेली, ट्रंकेत वक्तृत्व स्पर्धेचे दोन कप. मला त्या दिवशी वाटलं की बोलावं तर असं. राग यावा तर असा, दुसऱ्यासाठी आलेला. तुमचा तो राग मी उचलला आणि आजवर त्याच्यावरच जगले. म्हणून तर जे झालं ते अजून गिळता येत नाही.

आज रविवार आहे, दवाखाना बंद. उद्या पालघरला तुमच्या फोटोला हार घालणार आहेत. या पट्ट्यातली आपल्या धंद्यातली नवी मुलंमुली जमणार आहेत आणि तुमच्यावर बोलायला त्यांनी मला बोलावलंय, कारण मी बरं बोलते आणि मी तुमची लाडकी विद्यार्थिनी होते असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलंय. पुढचं त्या मुलांना माहीत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. ज्यांना माहीत होतं त्यांतले कितीतरी बोईसर सोडून गेले, कारखाने बदलले, गावाला परतले. सकाळपासून भाषण लिहायला बसले आहे आणि कागदावर 'सर' या शब्दापुढे काही सरकत नाही. भाषण कधी अडत नाही माझं. तेव्हा म्हटलं, आधी तुमच्याशीच बोलून घ्यावं.

बोईसरला मी खोली घेतली ती स्टेशनपासून तारापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकलदुरुस्तीच्या दुकानावर. पहिलं वर्षभर जे आलं ते घेतलं. लकवा, कंबर, मान, आखडलेला खांदा, बाळंतपणानंतरची पाठ. घरमालकीणबाईंचे गुडघे तर रोजचेच, ते भाड्यातच धरलेले. पाटीवर आठ दुखण्यांची नावं रंगवली होती आणि रंगाऱ्याला जागा पुरेना म्हणून त्याने 'संधिवात' हा शब्द कडेला उभा लिहिला होता. तुम्ही निवृत्त होऊन नुकतेच पालघरला राहायला आला होता. एके दिवशी जिना चढून वर आलात, पाटी वाचलीत आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी विचारलंत, "हा दवाखाना कशाचा?"

"सगळ्याचा," मी म्हणाले.

"सगळ्याचं असतं ते वाण्याचं दुकान. मी तुला पुड्या बांधायला शिकवलं का?"

"मग काय निवडू, तुम्हीच सांगा."

"मी नाही सांगणार. आठ दिवस या खिडकीत बस. पाळी सुटेल तेव्हा खाली बघ. तोंडं बघू नकोस. फक्त हात बघ."

मी खिडकीत बसते. दुपारची पाळी सुटते आणि रस्ता माणसांनी भरतो. डाव्या हाताने विडी पेटवणारा एक. जेवणाचा डबा कोपरात अडकवून चालणारा एक. एकाचा उजवा हात रुमालात गुंडाळलेला, एकाचा कायम खिशात, आणि तो खिसा सपाट दिसतो. दोघे जण एकमेकांना टाळी देतात तेव्हा एकाची बोटं सरळच राहतात. पाचव्या दिवशी मी मोजणं सोडून दिलं. ज्यांचं हातावर पोट आहे त्यांच्या हातांना बघणारं या गावात कोणी नव्हतं. कारखाना पट्टी बांधून द्यायचा, टाके काढून द्यायचा, आणि मग तो हात त्याचा त्याने बघायचा. आठवडा संपला तेव्हा मी रंगाऱ्याला बोलावून सगळी पाटी पुसून घेतली आणि वर एवढंच लिहून घेतलं: 'हातांचे उपचार.'

घरी सगळे माझ्यावर उखडले. एडवणच्या स्वयंपाकघरात आई चुलीपुढे तव्यावर बोंबील उलटत होती. ती हातातलं उलथनं रोखून म्हणाली, "सगलं अंग सोडून हात धरलास? अगो, म्हाताऱ्या गुडघ्यांनी रडतात! हात दुखतो म्हनून रडलेली म्हातारी दाखव मला एक." घरमालकीणबाई तर जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "म्हणजे आता मी काय करू, गुडघे हातात धरून आणू का?" त्यांचे गुडघे मी पुढेही बघत राहिले, सर, तुम्हाला न सांगता. पण बाकी सगळं सोडलं. पहिले काही महिने खोली ओस पडली. मी खुर्चीत बसून पुस्तकं वाचायची आणि मनात तुमच्याशी वाद घालायची. मग एक आला, त्याने दुसऱ्याला आणलं, आणि पाळी सुटल्यावर जिन्यावर रांग दिसू लागली.

त्या सुमारास तुम्ही पुन्हा आलात. नवी पाटी बराच वेळ वाचलीत, चार ओळींची असल्यासारखी. दोनच शब्द होते. मग पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढलात आणि माझ्या टेबलावर ठेवलात. आत किल्ली, बटण, गोटी, खिळा, आगकाडी, कापसाचा बोळा. मुंबईच्या वॉर्डात तुम्ही तीस वर्षं वापरलेल्या वस्तू. "बोट किती वळतं हे कोनमापक लावून कोणीही सांगेल," तुम्ही म्हणालात. "त्याला डोळे मिटायला सांग. हातावर वस्तू ठेव. विचार, काय आहे? जोवर त्याला सांगता येत नाही, तोवर त्या हाताला बरा म्हणायचं नाही. म्हणेल तो चोर."

हे तुमचे शब्द आहेत, सर. मी त्यांत काना-मात्रा बदललेली नाही. म्हणेल तो चोर.

मी त्या डब्यात इकडच्या वस्तू घातल्या. भाताचे दाणे, खडेमीठ, शिंपला. सुका जवळाही घातला होता, पण एका मच्छीमाराने डोळे मिटूनच मला वेड्यात काढलं. "बाय, जवला नाकाला कलतो, हाताला कशाला इचारता?" खोलीतली रांग खदखदून हसली आणि जवळा बाहेर गेला.

उमरोळीच्या पलीकडच्या पाड्यावरचा तो माणूस माझ्याकडे आला तेव्हा डब्याला दोनेक वर्षं झाली असतील. पत्र्याची झाकणं करायच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता. उजवा हात मशीनखाली सापडला, मुंबईला नेऊन शिवला, आणि माझ्याकडे आला तेव्हा तो हात लाकडाच्या पळीसारखा होता. उमरोळीहून सायकलवर यायचा, हँडल डाव्या हाताने धरून. कधी मागे बायको बसलेली असायची आणि जिना चढायच्या आधीच तिचा आवाज वर यायचा. नऊ महिने मी त्या हातावर काम केलं. आधी मनगट, मग बोटांची मुळं, मग एकेक सांधा. मूठ वळायला लागली तेव्हा खालच्या दुकानातला भय्या बघायला वर आला आणि म्हणाला, "मॅडम, हाथ तो एकदम नया कर दिया!" पण डोळे मिटले की तो हात मुका होता. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. किल्ली ठेवली तर म्हणायचा, "कायतरी हाय." मीठ ठेवलं तर म्हणायचा, "काय पन नाय." आणि ते त्याची बायको माझ्यापेक्षा आधी ओळखून होती. "बाई, ह्यांचा हात दाखवायचा हात हाय," ती म्हणाली. "परवा चुलीतला लाकूड पुढं सारला. मला मास भाजल्याचा वास आला तवा मी वरडले. हे आपले भाकर मागतात!" तो हसला. ती हसली नाही.

त्याला एकच गोष्ट हवी होती. मशीनवर नको, पॅकिंगमध्ये टाका. हात मशीनला लायक नाही असं कागदावर आलं असतं तर कारखान्याला ते करावं लागलं असतं. आणि तो कागद तुमच्याकडून जाणार होता. त्या वर्षी कारखान्याने तुम्हाला सल्लागार नेमलं होतं. जखमी कामगाराला तुम्ही तपासायचं आणि तुमच्या मतावर त्यांच्या डॉक्टरांनी सही करायची. तुम्ही मला मुद्दाम तिथली खोली दाखवायला नेलं होतंत. दारावर तुमच्या नावाची पितळी पाटी होती आणि शिपाई तुम्हाला 'डॉक्टरसाहेब' म्हणत होता. तुम्ही त्याला दुरुस्त केलं नाहीत. मलाही बरंच वाटलं. म्हटलं, चोळणाऱ्याला खुर्ची मिळाली एकदाची.

तपासणीच्या आदल्या दिवशी तुमची चिठ्ठी आली. ती अजून माझ्याकडे आहे. 'उद्या अकराला बघतो. सकाळी मेणाचा शेक देऊन, हात मोकळा करून पाठव. तूही ये. तुझं काम बघू दे.'

तुझं काम बघू दे. सर, या चार शब्दांसाठी मी काय केलं नसतं! वितळलेल्या मेणात बुडवून काढलेला हात काही तास किती सैल राहतो आणि संध्याकाळी पुन्हा कसा आखडतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. चिठ्ठी वाचताना ते मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही. सकाळी आठला त्याला बोलावून मी शेक दिला, बोट न् बोट फिरवलं. तो जरा घुटमळत म्हणाला, "बाई, पोरं सांगतात, मूठ जरा कमी वलव. थोडा लुळा दाखव. दाखवू का?"

मी त्याच्यावर कडाडले. माझ्या दवाखान्यात खोटं चालत नाही म्हणाले. "ते माझे गुरू आहेत. तू पूर्ण मूठ वळव. मग ते तुला डोळे मिटायला सांगतील, आणि आत काय आहे ते सगळं त्यांना कळेल."

"तुमी सांगता तर वलवतो," तो म्हणाला.

आणि त्याने वळवली. त्या खोलीत तुमच्या समोर बसून, शाळेतल्या पोराने धडा म्हणावा तशी. मूठ वळवली, उघडली. नट बोल्टवर फिरवला. तुमच्या टेबलावरचं जड पेपरवेट उचलून धरलं. दर वेळी तो माझ्याकडे बघत होता, मी मान हलवते का ते. मी हलवत होते. तुम्ही कोनमापक लावलंत, आकडे लिहिलेत. मी वाट बघत होते. आता म्हणतील, डोळे मिट. तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "शाब्बास."

तुमच्या कागदावर तो मशीनला लायक ठरला, आणि परत गेल्याला महिना व्हायच्या आत तोच हात पुन्हा आत सापडला. प्रेसवरचा माणूस बोटांनी बघतो, सर. डोळे पुढच्या पत्र्यावर असतात आणि पत्रा किती आत गेला हे बोटांची टोकं सांगतात. त्याची टोकं काहीच सांगत नव्हती. या वेळी शिवायला काही उरलं नाही. मनगटाच्या पुढे नुसती पट्टी घेऊन तो माझ्या खोलीत आला, खुर्चीत बसला आणि सवयीने तो हात माझ्या टेबलावर ठेवला. बायको दारातच उभी राहिली. मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाई, तुमी हात लय बरा केलात. इतका बरा केलात का त्यांनी परत मागून घेतला."

मी तशीच उठून पालघरला आले. तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही पाटावर बसून भिजवलेले वाल सोलत होता, न बघता, नुसत्या बोटांनी. साल एका बाजूला, दाणा वाटीत. एकही साल वाटीत पडत नव्हतं. काकू कढी ढवळत होत्या. मी उभ्यानेच विचारलं, "त्याला डोळे मिटायला का नाही सांगितलंत?"

"बस आधी."

"का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं होतं मूठ वळते का. वळत होती."

"आणि स्पर्श?"

"त्या कागदावर स्पर्शाला रकाना नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, म्हणेल तो चोर."

काकूंचा हात थांबला. तुम्ही एक वाल सोललात, वाटीत टाकलात. "वर्गातलं वर्गात," तुम्ही म्हणालात. "तू भाषणं करतेस, तुला सगळं सोपं वाटतं. मी स्पर्शाबद्दल लिहीत बसलो असतो तर दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत दुसरा कोणी बसला असता, आणि त्याने कोनमापकसुद्धा लावलं नसतं." मग वर बघून हळू म्हणालात, "आणि तू होतीस की तिथे."

काकू माझ्यासाठी ताट घेत होत्या, ते टाकून मी निघाले. जिन्यात काकू मागे आल्या होत्या, "अगं, दोन घास तरी..." एवढंच ऐकलं.

पैशासाठी तुम्ही हे केलं नाहीत, एवढं मला ठाऊक आहे. तुमच्या घरातल्या खुर्च्यांचा वेतसुद्धा सुटलेला होता. तुम्ही ते पितळी पाटीसाठी केलंत. तीस वर्षं ज्यांनी तुम्हाला चोळणारा म्हटलं त्यांच्याच पंगतीत जागा मिळाली, आणि ती टिकवायला तुम्ही आमच्या पहिल्या वर्गातला तो राग दाराबाहेर चपलांजवळ ठेवलात. कारखान्याने हात कापला तर मी कारखान्याशी भांडते. ते मला जमतं, त्याचं मला दुःख होत नाही. पण ज्याने मला हात बघायला शिकवलं त्याने न बघायचं ठरवावं? माझं अख्खं आयुष्य मी तुमच्या एका वाक्यावर उभं केलं आणि तुम्ही ते वाक्य रकाना नाही म्हणून सोडून दिलंत.

पुढे मी काय केलं ते तुमच्या कानावर गेलंच असेल. महिन्याभरात नाक्यावर कामगारांची सभा झाली आणि मी बोलले. तुमचं नाव घेतलं नाही, पण पितळी पाटी म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. इतकं चांगलं मी कधी बोलले नव्हते. माणसं उठून उभी राहिली. तुम्ही लवकरच ती नोकरी सोडलीत असं ऐकलं, मग आजारी असल्याचं ऐकलं. दोनदा पालघरच्या स्टेशनवर उतरले आणि दोन्ही वेळा समोरच्या गाडीने परत फिरले. तुम्ही गेलात त्या दिवशी मी दवाखाना उघडा ठेवला होता. रांग होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. होतीही.

तो माणूस मला अधूनमधून दिसतो. सफाळ्याच्या बाजारात त्याची बायको भाजी घेऊन बसते आणि तो टोपल्या डोक्यावरून आणून देतो. मला बघून मान हलवतो, त्या दिवशी मी हलवत होते तशी. ती अजून हसत नाही.

आता जे नाक्यावर सांगितलं नाही ते. त्या दिवशी डबा माझ्या पिशवीत होता. तुमच्या टेबलावर तुमचा नवा डबा असेल की नसेल म्हणून मी निघताना मुद्दाम घेतला होता. पिशवी माझ्या मांडीवर होती आणि डब्याचा कोपरा बाहेर आला होता. तुम्ही पेनाला टोपण लावताना तिकडे एकदा बघितलंत. ओळखलात. मी हात पिशवीपर्यंत नेलाही होता. मग तुम्ही "शाब्बास" म्हणालात आणि मी पिशवीचं तोंड आवळून घेतलं. भरल्या नाक्यावर न डगमगणारी मी, एका शब्दाने गप्प झाले. माझ्याही कामाला शाब्बासकी हवी होती, सर. मलाही पाटी हवी होती.

हे पत्र कुठे जाणार नाही. टेबलाच्या खणात तुमच्या चिठ्ठीशेजारी राहील. उद्या मी डबा बरोबर नेणार आहे. तुमच्या फोटोसमोर, त्या सगळ्या मुलांपुढे, तो उघडून हे सगळं सांगायचा धीर होईल का, ते मला आज सांगता येत नाही. इतकी वर्षं गेली, मी पन्नाशीला आले, आणि अजून तुमच्या सांगण्याची वाट बघते आहे, याची लाज वाटते. पण बघते आहे. तेव्हा त्या खोलीत जे सांगायचं तुम्ही टाळलंत ते एकदा सांगा. म्हणा, सर: डबा काढ.